कॉर्डलेस व्हॅक्युम क्लीनरची खेच कमी झाली आहे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बॅटरीवर चालणाऱ्या, काठीसारख्या उभ्या व्हॅक्युम क्लीनरविषयी सर्वाधिक ऐकू येणारी तक्रार अशी असते की, नवा होता तेव्हा खडेसुद्धा उचलायचा आणि आता साधी धूळही उचलत नाही. या तक्रारीच्या मुळाशी मोटर किंवा बॅटरी क्वचितच असते. बहुतेक वेळा हवेची वाट कुठेतरी अडलेली असते, आणि ती नेमकी कुठे अडली आहे हे शोधायला वीस मिनिटांचा वेळ, एक टॉर्च आणि एक टिश्यू पेपर पुरतो. म्हणून खालील उत्तरांत आधी शोध, मग सफाई आणि सर्वांत शेवटी खर्च असा क्रम ठेवला आहे. यंत्राबरोबर आलेल्या पुस्तिकेतील सूचना वेगळी असेल, तर पुस्तिका प्रमाण मानावी.

खेच खरोखरच कमी झाली आहे, हे कसे ओळखावे?

तीन निरनिराळे दोष घरोघरी एकाच वाक्यात सांगितले जातात. पहिल्या प्रकारात यंत्र हवाच कमी ओढते. दुसऱ्या प्रकारात खेच शाबूत असते, परंतु हेडमधला, म्हणजे जमिनीवर फिरणाऱ्या पुढच्या तोंडातला, ब्रश फिरत नसल्यामुळे गालिच्यात अडकलेले केस व दोरे सुटत नाहीत आणि सगळा दोष खेचेवर जातो. तिसऱ्या प्रकारात सगळे व्यवस्थित चालते, मात्र दोन-तीन मिनिटांत यंत्र बंद पडते. हा तिसरा दोष बॅटरीचा असण्याचा संभव अधिक असतो.

यंत्र कोणत्या मोडवर आहे, हेही आधी पाहून घ्यावे. घरातील कोणीतरी बॅटरी वाचवण्यासाठी इको मोड लावून ठेवलेला असतो आणि दुसरा माणूस त्याच मोडवर चालवून यंत्राला नावे ठेवत असतो. असे प्रकार वाटतात त्यापेक्षा अधिक घडतात.

यानंतर बॅटरी पूर्ण चार्ज करून, धूळपेटी रिकामी करून साधी चाचणी घ्यावी. चमचाभर रवा फरशीच्या दोन लाद्यांमधील सांध्यावर पसरावा आणि मधल्या मोडवर एकदाच, सावकाश, सांध्याच्या दिशेने हेड फिरवावे. सांध्यात थोडे कण उरले तर ते क्षम्य आहे, पण रव्याची रेघच शिल्लक राहिली तर खेच कमी आहे असे समजावे. लादीवरचा रवा पुढच्या बाजूला उडत असेल, तर तो हेडचा प्रश्न आहे. त्याविषयी पुढे लिहिले आहे.

दोष कोणत्या भागात आहे, हे हत्यारांशिवाय शोधता येते का?

येते, आणि या पानावरील सर्वांत महत्त्वाचे उत्तर हेच आहे. यंत्रात हवा एकाच वाटेने जाते. ती हेडमधून आत शिरते, काठीतून धूळपेटीत येते, तिथल्या जाळीतून व सायक्लोनमधून, म्हणजे हवा गरगर फिरवून धूळ वेगळी करणाऱ्या शंकूंमधून, फिरून मोटरच्या अलीकडच्या फिल्टरमधून गाळली जाते, मोटरच्या पंख्यातून पुढे ढकलली जाते आणि मागच्या फिल्टरमधून बाहेर पडते. वाट एकच असल्यामुळे एकेक भाग काढत गेले की, कोणता भाग काढल्यावर खेच परत येते हे दिसते आणि दोष त्या भागात सापडतो.

सुरुवात हेड काढून करावी. काठीच्या उघड्या तोंडापासून चार बोटांवर टिश्यू पेपर धरून यंत्र चालू करावे. कागद झटकन ओढला गेला आणि हेड लावल्यावर मात्र काहीच उचलले जात नसेल, तर अडथळा हेडमध्ये किंवा हेडच्या मानेत, म्हणजे हेड काठीला जोडणाऱ्या वळत्या सांध्यात, आहे. कागद नुसता फडफडत राहिला, तर काठीही काढावी व हातातल्या यंत्राच्या तोंडाशी तीच चाचणी घ्यावी. इथे खेच चांगली मिळाली तर काठी तुंबलेली आहे. इथेही ती कमी असेल, तर दोष धूळपेटीपासून पुढच्या भागात आहे.

शेवटची पायरी फिल्टर काढून पाहण्याची आहे. धूळपेटी पुसून पूर्ण स्वच्छ केल्यावरच, फिल्टर न लावता यंत्र जेमतेम चार-पाच सेकंद चालवावे. एवढ्यात खेच एकदम वाढल्याचे जाणवले, तर गुन्हेगार सापडला. काही यंत्रांत फिल्टर नसताना मोटर सुरूच होऊ नये यासाठी छोटी कळ बसवलेली असते. तिथे काडी खुपसून यंत्राला फसवू नये, कारण मिनिटाला लाखाच्या आसपास फेरे घेणाऱ्या पंख्यात वाळूचा एखादा कण गेला तरी पात्यांना इजा होते. अशा यंत्रात पूर्ण वाळलेला दुसरा फिल्टर लावून तुलना करावी.

प्रत्येक पायरीवर बोट किंवा ब्रश आत घालण्यापूर्वी बॅटरी काढून ठेवावी. बॅटरी निघत नसेल, तर बटणावर चुकून हात पडणार नाही अशा रीतीने यंत्र धरावे.

आवाजावरून काही समजते का?

पुष्कळ समजते. गाणाऱ्या माणसाला चटकन पटेल अशी खूण सांगायची तर, पट्टी चढली असेल तर वाट अडलेली आहे आणि पट्टी उतरली असेल तर ताकद कमी पडते आहे.

याचे कारण पंख्याच्या कामात आहे. वाट मोकळी असते तेव्हा पंख्याला भरपूर हवा ढकलावी लागते आणि त्या श्रमाचा भार मोटरवर पडतो. वाट तुंबली की ढकलायला हवाच कमी मिळते, भार उतरतो आणि मोटर अधिक वेगाने फिरून आवाज चिरका होतो. अनेकांना तो आवाज ऐकून मोटर जोर लावते आहे असे वाटते, पण त्या वेळी तिच्या हाती काम कमी असते. थकलेल्या बॅटरीच्या बाबतीत याच्या उलट घडते. व्होल्टेज खाली येते, फेरे मंदावतात आणि आवाज जड होत जातो.

यंत्र दर सेकंदाला चालू-बंद होत धडधडत असेल, तर ते बहुधा बिघडलेले नसते. हवा मिळत नाही हे ओळखून मोटर वाचवण्यासाठी ते स्वतःच तसे करते. बारीक शीळ ऐकू येत असेल तर कुठेतरी फट आहे, आणि खरखर किंवा घासल्यासारखा आवाज असेल तर यंत्र बंद करून तज्ज्ञाकडे न्यावे.

फिल्टर धुतला, तरीही काहीच फरक पडला नाही. असे का?

याची चार-पाच कारणे संभवतात. पहिले कारण असे की, बऱ्याच यंत्रांत दोन फिल्टर असतात आणि घरात एकाचाच पत्ता असतो. मोटरच्या अलीकडचा फिल्टर दिसायला सोपा असतो. मोटरच्या पलीकडचा, म्हणजे हवा बाहेर पडते त्या बाजूचा फिल्टर झाकणाखाली दडलेला असतो आणि काही घरांत तो खरेदीच्या दिवसापासून एकदाही निघालेला नसतो. हवा बाहेर पडण्याची वाट बंद असेल, तर ती आत येण्याचीही वाट बंदच राहते.

दुसरे कारण घाईचे आहे. फिल्टर वरून कोरडा लागतो, पण घड्यांच्या आत ओलसर असतो. ओल्या तंतूंमधील बारीक जागा पाण्याने भरलेल्या असल्यामुळे हवा अडते, वर त्या ओलीवर नवी धूळ बसून तिचा लेप तयार होतो. असा फिल्टर धुण्यापूर्वीपेक्षाही वाईट चालतो आणि पुढे कुबट वास मारू लागतो.

तिसरे कारण साबण हे आहे. पुस्तिकेत स्पष्ट परवानगी नसेल, तर साबण किंवा कपड्यांची पावडर वापरू नये. तिचा अंश तंतूंना चिकटून राहतो आणि धूळ धरून ठेवतो. गार पाण्याच्या बारीक धारेखाली, स्वच्छ बाजूकडून मळक्या बाजूकडे पाणी जाईल असा फिल्टर धरावा, पाणी निवळ येईपर्यंत धुवावा आणि फेसासारख्या मऊ फिल्टरचे पाणी न पिळता तळहातांमध्ये दाबून काढावे. कागदी घड्यांचा फिल्टर धुण्याजोगा नसेल तर पाण्याला लावूच नये. तो कचऱ्याच्या डब्याच्या कडेवर हलके आपटून झटकावा.

चौथे कारण वयाचे. रोज वापर असलेल्या घरात दोन-तीन आठवड्यांनी फिल्टर झटकावा, महिन्यातून एकदा धुवावा आणि वर्षभराने बदलण्याचा विचार करावा, हे ढोबळ प्रमाण ठीक आहे. धुऊन-वाळवूनही रंग काळपट राहिला म्हणून लगेच बदलण्याची गरज नाही, कारण डाग वेगळा आणि तुंबणे वेगळे. मात्र पूर्ण वाळल्यावरही फिल्टर लावून व काढून केलेल्या चाचणीत मोठी तफावत दिसली, तर तो बदलावा.

एवढे सगळे करूनही खेच कमीच असेल, तर दोष मुळात फिल्टरचा नव्हता. अशा वेळी वर सांगितलेली चाचणी पुन्हा पहिल्यापासून घ्यावी.

पावसाळ्यात फिल्टर वाळतच नाही. काय करावे?

पुस्तिकांमध्ये बहुधा २४ तास वाळवण्यास सांगितलेले असते, पण जुलै महिन्यात चिपळूण, रत्नागिरी किंवा पणजी येथे जिथे पंचासुद्धा दोन दिवस ओलसर राहतो, तिथे २४ तास अपुरे पडतात. ४८ ते ७२ तास धरून चालावे. फिल्टर छताच्या पंख्याखाली, तारेच्या जाळीवर किंवा उपड्या रोवळीवर उभा ठेवावा, म्हणजे हवा दोन्ही बाजूंनी फिरते. हेअर ड्रायर, इस्त्री, ओव्हन आणि गॅसच्या शेगडीची ऊब यांपैकी काहीही वापरू नये, कारण उष्णतेने कडेचे रबर व प्लास्टिक वाकते आणि मग फिल्टर कायमचा सैल बसतो.

फिल्टर पुरता वाळला का, हे पाहण्यासाठी तो कोरड्या टिश्यू पेपरमध्ये गुंडाळून घट्ट दाबावा आणि अर्धा तास तसाच ठेवावा. कागद किंचितही दमट झाला तर आणखी थांबावे. सर्वांत व्यवहार्य उपाय दोन फिल्टर ठेवण्याचा आहे. बॅटरी किंवा मोटर यांच्यापुढे दुसऱ्या फिल्टरचा खर्च किरकोळ ठरतो.

पंक्चरच्या दुकानातील किंवा पेट्रोल पंपावरील हवेने फिल्टर साफ केला तर चालेल का?

चालणार नाही. ती हवा टायरसाठी असते. तिचा दाब फिल्टरचे तंतू फाडण्यास पुरेसा असतो आणि कॉम्प्रेसरमधून पाण्याचे व तेलाचे बारीक थेंबही येतात. फाटलेला फिल्टर लावला की खेच वाढल्यासारखी वाटते आणि माणूस खूश होतो, कारण हवा आता न गाळता थेट मोटरवर जात असते.

नळीत काहीच दिसत नाही, पण खेच कधी असते, कधी नसते. हे कसे?

हा दोष सर्वांत फसवा आहे आणि आमच्या घरीच त्याने दीड महिना छळले. सकाळी यंत्र उत्तम चालायचे, पाच मिनिटांनी चिरका आवाज करून खेच सोडायचे आणि बंद करून पुन्हा सुरू केले की परत ठीक व्हायचे. दुरुस्तीच्या दुकानात मोटर कमजोर झाल्याचे निदान झाले आणि तिच्या बदलीचा खर्च नव्या यंत्राच्या निम्म्याच्या घरात सांगितला गेला. घरी परत आणून हेडची मान पूर्ण वळवून पाहिली, तेव्हा सांध्याच्या आतल्या कडेला दुधाच्या पिशवीचा कापलेला तिकोनी कोपरा एका टोकाने अडकलेला दिसला. हवा सुरू झाली की तो तुकडा उचलला जाऊन झडपेसारखा वाटेवर बसायचा आणि यंत्र थांबले की आपोआप खाली पडायचा. त्यामुळे बंद यंत्रात टॉर्च मारून पाहिले की नळी आरशासारखी स्वच्छ दिसायची. चिमट्याने तुकडा काढला आणि तक्रार संपली.

म्हणून खेच येत-जात असेल, तर नुसत्या नजरेवर विसंबू नये. काठी उभी धरून वरच्या तोंडातून कागदाचा लिंबाएवढा बोळा सोडावा. तो अडखळत पडला किंवा अडकला, तर आत काहीतरी आहे. पडद्याच्या दांडीच्या टोकाला मऊ फडके घट्ट बांधून ती काठीतून आरपार न्यावी. बऱ्याच काठ्यांत ब्रशच्या मोटरला वीज नेणाऱ्या तारा असतात, त्यामुळे टोकदार तार किंवा छत्रीची काडी वापरू नये. हेडची मान मात्र सर्व बाजूंनी वळवून पाहावी. केसांची गाठ, खराट्याची काडी, औषधाच्या पाकिटाची चांदी, चॉकलेटचा कागद असे बहुतेक ऐवज तिथेच सापडतात.

दिवाळीनंतर किंवा घरात बांधकाम झाल्यावर खेच एकाएकी का जाते?

कारण रांगोळी, गव्हाचे पीठ, टाल्कम पावडर, प्लास्टर ऑफ पॅरिस आणि ड्रिल मारताना पडणारी भिंतीची भुकटी या वस्तू दिसायला धूळ असल्या, तरी घरातल्या नेहमीच्या धुळीपेक्षा अगदी निराळ्या आहेत. नेहमीच्या धुळीत तंतू असतात. ते एकमेकांत गुंतून त्यांचा पुंजका होतो आणि तो पेटीतच राहतो. रांगोळी हा दगडाचा चुरा आहे. तिचे बारीकातले बारीक कण पेटीत न थांबता थेट फिल्टरवर जाऊन लिंपल्यासारखे बसतात. दारापुढची एक मोठी रांगोळी थेट यंत्राने उचलली, तर महिनाभराची फिल्टरची उमेद पाच मिनिटांत संपते.

रांगोळी आधी केरसुणीने जाड कागदावर भरून घ्यावी आणि उरलेली पांढरी छटा ओल्या फडक्याने पुसावी. भिंतीला भोक पाडताना खाली कागदी पाकीट चिकटवले, तर निम्म्याहून अधिक भुकटी त्यातच पडते. गणपतीच्या सजावटीतली टिकली-चमकी यंत्र सहज उचलते, पण ती जाळीच्या भोकांत आडवी बसते, म्हणून त्या दिवशी पेटी व जाळी दोन्ही साफ करावी.

उदबत्तीची राख पूर्ण थंड झाल्याशिवाय मुळीच ओढू नये. आत धुगधुगणारा कण असेल, तर यंत्रातील वारा त्याला फुंकणीसारखा पेटवतो आणि पेटीत भोवताली कोरडा कापूस-धूळ असतेच. ओला केर, निर्माल्य, सांडलेले पोहे यांनाही कॉर्डलेस यंत्रापासून दूर ठेवावे, यंत्र ओल्या-कोरड्या अशा दोन्ही कामांचे असल्याचे त्यावर लिहिलेले नसेल तर.

धूळपेटी रिकामी केली की पुरेसे आहे ना?

पेटीवरील ‘कमाल’ रेषेच्या आतच ती रिकामी करावी, परंतु तेवढे पुरत नाही. पेटीच्या मधोमध बारीक भोकांची धातूची किंवा प्लास्टिकची जाळी असते आणि तिच्या वर निमुळत्या शंकूंची रचना असते. हे शंकू म्हणजे सायक्लोन. हवा त्यांत गरगर फिरते, जड कण कडेला फेकले जाऊन खाली उतरतात आणि हलकी हवा मधून वर निघते. जाळीवर केसांचे व कापसाचे जावळ चढले की हे फिरणेच मंदावते, मग बारीक धूळ खाली न उतरता फिल्टरवर जाते आणि आपण पुनःपुन्हा फिल्टरच धूत बसतो.

जाळी जुन्या टूथब्रशने कोरडीच घासावी. प्लास्टिकची पारदर्शक पेटी सुटी होत असेल तर धुता येते, मात्र सायक्लोनचा भाग पुस्तिकेत परवानगी असेल तरच धुवावा. त्याच्या आतल्या कप्प्यांत शिरलेले पाणी बाहेर यायला फार दिवस लागतात.

लादीवर यंत्र कण उचलण्याऐवजी पुढे उडवते. ही खेचेचीच तक्रार आहे का?

सहसा नाही. कडक केसांचा ब्रश गालिच्यासाठी बनवलेला असतो. आपल्याकडच्या गुळगुळीत लादीवर, कोटा किंवा संगमरवरावर तो तांदळाचे दाणे टिचकी मारल्यासारखे पुढे फेकतो. लादीसाठी मऊ, कापडी आवरणाचा रोलर मिळतो. तो लावल्यावर खेच वाढत नाही, पण केर निघू लागतो. हेडच्या पुढच्या कडेला उघडझाप करणारी पट्टी असेल, तर मोठ्या कणांसाठी ती उघडी ठेवावी.

ब्रश फिरत नसेल तर त्याच्या दोन्ही टोकांच्या टोप्या काढून पाहाव्यात. मधले केस कात्रीने कापले जातात, पण खरी दोऱ्यासारखी पिळलेली गुंडाळी टोकांच्या बेअरिंगपाशी असते आणि ती टोपी काढल्याशिवाय दिसत नाही. शिलाईची जुनी उसवणी तिथे उत्तम काम देते.

हवेची गळती कशी शोधावी?

फुटक्या नळीने पाणी ओढले तर पाण्याऐवजी हवाच तोंडात येते, तसे इथे होते. पेटीच्या खालच्या झाकणाचे रबर, पेटी आणि मोटर यांमधील रबर, फिल्टरची कडा व काठीचे सांधे या चार जागा तपासाव्यात. रबरावर अडकलेला एक केसदेखील फट ठेवतो, त्यामुळे आधी रबर ओल्या फडक्याने पुसून कोरडे करावे. मग काठीचे तोंड तळहाताने बंद करून यंत्र काही सेकंद चालवावे आणि दुसऱ्या माणसाने टिश्यू पेपरची बारीक पट्टी प्रत्येक सांध्याजवळून फिरवावी. पट्टी जिथे आत ओढली जाईल, तिथे गळती आहे. काही लोक हेच उदबत्तीच्या धुराने करून पाहतात. युक्ती चतुर असली तरी वर सांगितलेल्या कारणामुळे ती टाळावी.

स्वस्तातला पर्यायी फिल्टर घेतल्यापासून तक्रार सुरू झाली असेल, तर त्याची कडा जागेवर ‘टक’ करून बसते का ते पाहावे. फिल्टरच्या मोटरकडील बाजूला बोट फिरवल्यावर धूळ लागली, तर हवा फिल्टरला वळसा घालून जाते आहे.

बॅटरी जुनी झाल्यामुळे खेच कमी होते का?

होते, पण सर्व यंत्रांत सारखी नाही. काही यंत्रे बॅटरी संपेपर्यंत एकसारखी ताकद देतात आणि मग एकदम थांबतात. काहींची ताकद हळूहळू उतरत जाते. लिथियम-आयन सेलचे वय वाढले की त्याचा अंतर्गत रोध वाढतो. अशा बॅटरीकडे थोडा वीजप्रवाह मागितला तर ती देते, एकदम मोठा मागितला तर तिचे व्होल्टेज कोसळते. म्हणून इको मोडवर वीस मिनिटे चालणारे यंत्र सर्वांत वरच्या मोडवर काही सेकंदांत बंद पडत असेल, तर बॅटरीवर संशय घ्यावा. हीच लक्षणे तुंबलेल्या वाटेनेही दिसू शकतात, त्यामुळे निर्णय देण्यापूर्वी हेड व काठी काढून, स्वच्छ फिल्टर लावून तीच चाचणी घ्यावी.

अपेक्षा किती ठेवावी, याचा हिशेब सोपा आहे. २५.२ व्होल्ट आणि २५०० मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीत ६३ वॉट-तास ऊर्जा असते. वरच्या मोडवर यंत्र ४०० वॉट खात असेल, तर ती नवी असतानाही साडेनऊ मिनिटांपेक्षा जास्त टिकणार नाही. खोक्यावर ठळक छापलेली ४० किंवा ६० मिनिटे ही बहुधा सर्वांत खालच्या मोडची असतात आणि पुष्कळदा ब्रश न फिरवता मोजलेली असतात.

सर्वसाधारणपणे असे सेल ० ते ४५ अंश सेल्सिअस तापमानातच चार्ज करावेत. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे बाहेरचाच पारा ४५ च्या वर जातो, त्यामुळे पश्चिमेच्या गॅलरीत टांगलेला चार्जर तिथे बॅटरीचे आयुष्य खातो. वापरानंतर गरम असलेली बॅटरी अर्धा तास निवू द्यावी आणि मग चार्जिंगला लावावी. महिनाभर गावाला जायचे असेल, तर ती साधारण अर्धी भरलेली ठेवावी.

नवी बॅटरी घेताना काय पाहावे?

नुसता व्होल्टचा आकडा जुळला म्हणून बॅटरी घेऊ नये. २५.२ हा आकडा सात सेलच्या बॅटरीच्या नाममात्र, म्हणजे सरासरी धरून सांगितलेल्या, व्होल्टेजचा असू शकतो, कारण ३.६ गुणिले ७ बरोबर २५.२, आणि तो सहा सेलच्या बॅटरीच्या पूर्ण चार्ज झालेल्या व्होल्टेजचाही असू शकतो, कारण ४.२ गुणिले ६ बरोबर पुन्हा २५.२. दोन्हींचे चार्जर वेगळे असतात आणि त्यांची अदलाबदल धोकादायक आहे. यंत्राचा मॉडेल क्रमांक जुळवूनच खरेदी करावी. अतिशय स्वस्त बॅटरीवर अशक्य वाटावी एवढी क्षमता छापलेली असेल, तर तो आकडा खरा मानू नये. बॅटरीचे कवच फुगले असेल, ती स्पर्शाला फार तापत असेल किंवा विचित्र वास येत असेल, तर तिचा वापर व चार्जिंग त्याच क्षणी थांबवावे.

जाहिरातीतील किलोपास्कलवरून यंत्राची ताकद ठरवता येते का?

अर्धवटच. किलोपास्कल हा दाबातील फरकाचा आकडा आहे आणि तो यंत्राचे तोंड पूर्ण बंद करून मोजलेला असतो. २० किलोपास्कल म्हणजे सुमारे दोन मीटर उंच पाण्याचा स्तंभ पेलण्याइतका फरक. परंतु तोंड बंद असताना हवा वाहतच नाही, आणि केर तर वाहत्या हवेबरोबर येतो. दाबातील फरक आणि वाहणारी हवा यांचा गुणाकार म्हणजे उपयोगी ताकद. ती एअर वॉटमध्ये सांगतात, म्हणून दोन यंत्रांची तुलना शक्यतो त्या आकड्यावर करावी.

मुंबईहून पुण्याला बदली झाल्यावर खेच कमी झाली असे म्हणणारेही भेटतात. उंचीवर हवा विरळ असते हे खरे आहे, पण पुण्याच्या सुमारे ५६० मीटर उंचीवर हा फरक पाचेक टक्क्यांचाच पडतो. तो हाताला जाणवणार नाही. सामान हलवताना हेडच्या मानेत काय अडकले, ते आधी पाहावे.

मोटरच बिघडली आहे, असे कधी समजावे?

वाट पूर्ण मोकळी आहे, दोन्ही फिल्टर कोरडे व स्वच्छ आहेत, गळती नाही, दुसरी चांगली बॅटरी लावून पाहिली आहे आणि तरीही खेच नाही, अशा वेळी. जळका वास, ठिणग्या किंवा पात्यांची खरखर असेल तर एवढी वाटही पाहू नये. चालता चालता बंद पडून पाऊण तासाने पुन्हा सुरू होणारे यंत्र मात्र बहुधा उष्णतेमुळे थांबलेले असते, आणि उष्णतेचे मूळही पुष्कळदा तुंबलेल्या वाटेतच असते, कारण मोटरला थंडावा आत येणाऱ्या हवेनेच मिळतो.

वॉरंटीत असलेल्या यंत्राची दाद लागली नाही तर?

मोटरचे कवच स्वतः उघडू नये, त्याने वॉरंटीवरचा हक्क जाऊ शकतो. फिल्टर, पेटी, काठी व ब्रश यांची सफाई हा ग्राहकाच्याच कामाचा भाग असल्याने तिथे अडचण येत नाही. दुरुस्तीला देताना कोणता भाग काढल्यावर खेच किती मिळते, याचे मिनिटभराचे चित्रण करून ठेवावे आणि निदान कागदावर लिहून मागावे. मोटर बदलायला सांगितली, तर काढलेली जुनी मोटर परत मागावी. या एका मागणीने काही वेळा निदानच बदलते. तरीही प्रश्न सुटला नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.

जुनी बॅटरी कचऱ्यात टाकावी का?

टाकू नये. घंटागाडीत दाबली गेलेली लिथियम बॅटरी पेट घेऊ शकते. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ यांनुसार वापरून झालेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, त्यामुळे सर्व्हिस सेंटरला ती घेण्याविषयी विचारावे किंवा ई-कचरा संकलन केंद्रात द्यावी. देण्यापूर्वी तिच्या धातूच्या टोकांवर चिकटपट्टी लावावी आणि तोपर्यंत ती किल्ल्या, नाणी व खिळे असलेल्या खणात ठेवू नये.